रविवारी उघडून बघतो

कॉम्प्युटर पहिल्यांदा अडकला तेव्हा नवरा आतल्या खोलीत दाढी करत होता. मी एका लग्नपत्रिकेत मुलीच्या मामांची नावं घालत होते. मामा पुष्कळ होते आणि प्रत्येकाला वरच्या ओळीत जागा हवी होती. शिवाजी पेठेत हे काही नवीन नाही. एका मामांच्या नावावरच बाण थांबला. कीबोर्ड बडवला, माऊस आपटला, काही नाही. पडदा तसाच उजळ, पण सगळं जागच्या जागी थिजलेलं. मी ओरडले, "अहो, तुमचा डबा मेला." अर्ध्या गालावर फेस ठेवून ते दारातून डोकावले, पडद्याकडं बघितलं आणि म्हणाले, "मेला न्हाय, अडकलाय. रविवारी उघडून बघतो की."

तो शुक्रवार होता. शनिवारी दुपारी फौंड्रीत काम करता करता त्यांच्या छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. रविवार आला तेव्हा आमच्या दोन खोल्यांत माणसं मावत नव्हती. कोपऱ्यातल्या टेबलावर डबा तसाच होता आणि त्याच्यावर कुणीतरी पाण्याचा तांब्या ठेवला होता. एवढ्या माणसांत मला तेवढा तांब्याच दिसत होता. मी उठून तो उचलला. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या.

नवरा फौंड्रीत मेंटेनन्सला होता. बिघडलेलं काहीही समोर आलं की त्यांना भूक लागल्यासारखं व्हायचं. तयार कॉम्प्युटर विकत आणणं म्हणजे घरात पीठ असताना हॉटेलातून भाकरी मागवणं, असं त्यांचं मत. उचगावला त्यांचा जिवाभावाचा दोस्त आहे, त्याचं मोबाईल आणि कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. तो मुसलमान, आम्ही मराठे. लहानपणापासून दोघं एकाच संघातून फुटबॉल खेळले, एकाच मैदानावर गुडघे फोडून घेतले. मी त्याला भाऊजी म्हणते. या दोघांनी माझ्या स्वयंपाकघराच्या फरशीवर पसारा मांडून तो कॉम्प्युटर जुळवला. आतल्या वायरी बांधायला नवऱ्यानं जुन्या बुटांच्या नाड्या वापरल्या, त्याही आपल्या संघाच्या रंगाच्या. मी म्हटलं, आत कोण बघणार आहे? तर म्हणाले, आत मी बघणार आहे.

त्या कॉम्प्युटरवर माझं काम चालतं. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, आणि चौकाचौकात लागतात ते डिजिटल फलक. वाढदिवस, निवड, अभिनंदन, श्रद्धांजली. फलकाच्या फाईली मोठ्या असतात, कॉम्प्युटर धापा टाकायचा. म्हणून ते जायच्या आदल्या दसऱ्याला त्यांनी नवी रॅम आणली. रॅम म्हणजे बोटभर रुंदीची हिरवी पट्टी, खालच्या कडेला सोनेरी दात. ती दात खाली करून खाचेत बसवली की काम वेगानं चालतं, एवढं मलाही कळतं.

खंडेनवमीला ते हत्यारांची पूजा करायचे. पक्कड, टेस्टर, मल्टिमीटर, फुटबॉलचे बूट असं सगळं पाटावर मांडलेलं असायचं. त्या वर्षी ती नवी पट्टीही पाटावर होती. मी हसले, म्हटलं पट्टीला आधी साडी तरी नेसवा. त्यांनी माझ्याकडं लक्ष दिलं नाही. वाटीत कुंकू कालवलं, प्रत्येक वस्तूला अंगठ्यानं टिळा लावला, झेंडूचं फूल वाहिलं. मग डबा उघडून पट्टी आत बसवली आणि झाकण लावलं. आमच्याकडं गॅसच्या टाकीला कुंकू असतं, गाडीला असतं, कपाटाला असतं. कुंकू कुठं लागलंय हे कुणी बघत नाही.

कुंकवाचं आणखी एक सांगायला हवं. दहाव्याला माझी चुलत सासू माझ्या कपाळाकडं हात घेऊन आली. मागं दोघी उभ्या होत्या, बांगड्यांसाठी. मी म्हटलं, हात लावायचा नाही. त्या म्हणाल्या, रीत हाय बाई. मी म्हटलं, रीत तुमच्या घरी ठेवा, हे कुंकू त्यांच्या नावाचं आहे आणि ते पुसायचा अधिकार मी कुणाला दिलेला नाही. माझा आवाज तसा मोठाच आहे, त्या दिवशी तो खालच्या तालमीपर्यंत गेला असणार. पेठेत महिनाभर तोच विषय होता. पण कुंकू राहिलं, बांगड्याही राहिल्या.

बाराव्या दिवशी मी कॉम्प्युटर सुरू केला. त्यांच्या संघाच्या पोरांना चौकात फलक लावायचा होता आणि ते दुसऱ्या कुणाकडून करून घेणार होते. मी म्हटलं, आख्ख्या पेठेच्या मेलेल्यांचे फलक मी केले, माझ्या माणसाचा दुसरा कोण करणार? त्यांचा एक फोटो होता, सामन्यानंतरचा, घामानं केस कपाळाला चिकटलेले, डोळे बारीक करून हसणारा. तो पडद्यावर मोठा केला. खाली 'भावपूर्ण' एवढाच शब्द टाईप केला आणि कॉम्प्युटर अडकला.

ते माझ्याकडं बघत होते. बाण त्यांच्या खांद्यावर थांबलेला. खालच्या कोपऱ्यातलं घड्याळ थांबलेलं. अडकल्यावर एकच उपाय असतो, डब्याचं बटण दाबून धरायचं. मग पडदा काळा होतो. मी बटणावर बोट ठेवलं आणि मला ते दाबवेना. आत्ताच तर ह्या माणसाला अग्नी दिला होता. माझी मुलगी आजऱ्याला दिलेली आहे, ती तेव्हा इथंच होती. मला तसं बसलेलं बघून ती आली, माझा हात बाजूला केला आणि तिनं बटण दाबलं. ते गेले. मी तिच्यावर अशी ओरडले की ती रडत स्वयंपाकघरात गेली.

तेव्हापासून तो सारखा अडकायला लागला. कधी दिवसातून दोनदा, कधी चार दिवस नाव नाही. गाणं लागलेलं असलं तर गाणाऱ्याचा शेवटचा सूर घशात अडकल्यासारखा तसाच घोटत राहायचा, खोलीभर तोच एक आवाज. मी भुताखेतांना मानणारी बाई नाही. अंगात येणाऱ्या बायकांना मी तोंडावर नाटकी म्हटलेलं आहे. पण मी बघत होते. एका म्हाताऱ्या जोडप्याच्या लग्नाच्या पन्नाशीचा फलक करताना अडकला. नवऱ्याचे फुटबॉलचे फोटो एका फोल्डरमधून दुसऱ्यात हलवताना अडकला. मुलगी फोनवर म्हणाली, आई, आता लॅपटॉप घे, हे जुनं काढून टाक. मी थकून बरं म्हटलं आणि फोन ठेवून वळले तर पडदा थिजलेला. मी मोठ्यानं म्हटलं, "नाही घेत. बास?" कोण उत्तर देणार होतं? पण म्हटल्यावर मला बरं वाटलं, हे खरं.

मग मी बोलायलाच लागले. अडकला की खुर्ची मागं सरकवायची, हात पदराला पुसायचे आणि विचारायचं, काय म्हणणं आहे? भाजी करपली म्हणून? चुलत सासूला उलटून बोलले म्हणून? रविवारी उघडून बघतो म्हणाला होतात, कुठल्या रविवारी? मला राग यायचा त्यांचा. कधी काम अर्धं टाकून न जाणारा माणूस हे एवढं एक काम माझ्या गळ्यात टाकून गेला. आणि रागाच्या खाली दुसरं काहीतरी असायचं. अडकलेल्या पडद्यासमोर बसलं की घरात आपण एकट्या नाही असं वाटायचं. ते भीतीचंही होतं आणि हवंहवंसंही होतं.

पण गिऱ्हाइकं काही माझ्या मनासाठी थांबणार नव्हती. लग्नाच्या तारखा थांबत नाहीत. भाऊजींना बोलावलं. डबा उघडायच्या आधी त्यांनी दोन्ही हात पँटला पुसले. नाड्यांनी बांधलेल्या वायरी बघून त्यांचे डोळे भरले. मी चहा टाकायला आत गेले, दोघांच्याही सोयीसाठी. त्यांनी ब्लोअरनं धूळ उडवली, सगळे भाग काढून पुसून परत बसवले. दोन दिवस बरा चालला, तिसऱ्या दिवशी अडकला. मग त्यांनी विंडोज नवीन घातलं. अडकला. वीजपुरवठ्याचा डबा बदलला. अडकला. पंखा बदलला, हार्ड डिस्क बदलली. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. उचगावला दुकानात नेऊन ठेवला तर तिथं आठवडाभर गुणी पोरासारखा चालला. शेजारच्या घरी गेल्यावर आपली कार्टी कशी दिल्याशिवाय लाडूला हात लावत नाहीत, तसा. घरी आणला आणि माझ्या समोर दुसऱ्याच दिवशी अडकला. माझ्याच समोर, हे मी मनात नोंदवून ठेवलं.

काढलेला प्रत्येक भाग मी मागून घ्यायची. भाऊजींना वाटायचं मी भंगारात घालणार. मी ते सगळे एका स्टीलच्या डब्यात ठेवत होते, ज्यात पूर्वी त्यांचा फराळ असायचा. पंखा, तारा, काळी हार्ड डिस्क. एक दिवस तो स्टीलचा डबा उघडला आणि माझ्या लक्षात आलं की तो भरत चाललाय आणि टेबलावरचा त्याच गतीनं परका होत चाललाय. बाहेरचा पत्रा त्यांनी निवडलेला, पण आत त्यांच्या हातचं किती उरलं? मला धडकी भरली. माणूस गेला, ते माझ्या हातात नव्हतं. पण हे मी स्वतःच्या हातानं, एकेक भाग करून घालवत होते. त्या दिवशी मी भाऊजींना सांगितलं, आता काही बदलायचं नाही, अडकू दे.

दिवाळीनंतर तो आपोआप अडकायचा थांबला. पितृपक्षात पान ठेवलं होतं, त्यानंतर दीडेक महिन्यानं. मुलगी म्हणाली, बघ, बाबा शांत झाले. मीही तसंच म्हटलं. वर्षभर सण नव्हता, त्यामुळं खंडेनवमीला डबा कुणी उघडला नाही, पूजा झाली नाही. हिवाळा गेला, उन्हाळा गेला. लग्नसराईत मी रात्रंदिवस काम केलं आणि एकदाही पडदा थिजला नाही. लोकांना वाटलं मी सावरले. मला मात्र घर रिकामं वाटायचं. काम करता करता मी थांबायची, बाण उगाच हलवून बघायची. हलायचा. मग मी पुढची पत्रिका उघडायची.

आषाढात पाऊस लागला आणि तो पुन्हा अडकायला लागला. वर्षश्राद्ध जवळ आलं होतं. दिवस जसा जवळ यायला लागला तसं अडकणं वाढलं. आता मला कसलीच शंका उरली नव्हती. मी सकाळी अंघोळ करून त्याच्यासमोर बसायची ती देवासमोर बसल्यासारखी. पेठेतलं एक मोठं काम हातचं गेलं, मला त्याचं काही वाटलं नाही. मुलगी आली, तिनं दोन दिवस माझं बोलणं ऐकलं, पडद्याशी चाललेलं. मग तिनं भाऊजींना फोन केला.

ते भर पावसात, रेनकोटमधून पाणी गाळत आले. खाली बसले, चहा घेतला, आणि जमिनीकडं बघत म्हणाले, "वहिनी, आता मशीनच बदला. मेन बोर्ड गेला असंल. ठेवून काय उपेग न्हाय." म्हणजे जे थोडं उरलं होतं तेही. मी म्हटलं, बदलायच्या आधी मला एकदा आत बघायचंय. मी स्वतः उघडणार. त्यांनी स्क्रू तेवढे काढून दिले.

दुपार होती पण दिवा लावावा लागत होता. मुलीनं मोबाईलचा उजेड धरला. नाड्या होत्या, तशाच गाठी. त्यांची गाठ मला ओळखू येते, ते सगळ्यालाच बुटाची गाठ मारायचे. मी जिथं हात पोचेल तिथं हात लावत होते, दुसरं काही मला कळत नव्हतं. रॅमच्या पट्ट्यांच्या दोन्ही बाजूंना कळ असते, ती दाबली की पट्टी वर येते, हे मी त्यांना करताना बघितलं होतं. जुनी पट्टी काढली, बघितली, परत बसवली. मग नवी काढली.

सोनेरी दातांवर कुंकू होतं. हिरव्या भागावरून खाली दातांपर्यंत उतरलेला एक अख्खा अंगठा. रेघा दिसत होत्या. कडेला एक लहान तिरकी फट होती, पक्कड लागून त्यांच्या अंगठ्याला कायमचा पडलेला व्रण. मी त्याला बोट लावलं आणि बोट लाल झालं. कुंकू ओलं होतं.

पावसाळ्यात आमच्या घरात मिठाला पाणी सुटतं, पापड मऊ पडतात, काडी पेटत नाही. दोन वर्षं होत आली तरी ते कुंकू तसंच ओल धरत होतं. हिवाळ्यात सुकत होतं, उन्हाळ्यात सुकत होतं, आणि आषाढ लागला की पुन्हा ओलं होत होतं. पावसात अडकायचा, उन्हात चालायचा. भाऊजींच्या दुकानात दिवसभर एसी असतो, तिथं तो गुणी होता. सगळं एकदम माझ्या समोर आलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी भाऊजींकडं बघितलं. ते पट्टीकडं बघत नव्हते, खिडकीकडं बघत होते. तेव्हा मला कळलं.

"तुम्हाला हे दिसलं होतं," मी म्हटलं.

"व्हय, दिसलंतं," ते म्हणाले. "पयल्यांदा उघडलं तवाच दिसलंतं. सगळं पुसलं, येवढं पुसलं न्हाय. पूजेचं हाय, आन् त्येच्या अंगठ्याचं हाय. माझा हात धजला न्हाय, वहिनी. म्हटलं, येवढुसं कुंकू काय करतंय. दुसरंच कायतरी असंल म्हणून बदलत गेलो."

मला चिडायचं होतं. त्यांनी एवढी खटपट केली, अख्खा कॉम्प्युटर बदलत आणला, फक्त हे एक सोडून. पण चिडता येईना. मी तरी काय केलं असतं? त्यांनी बॅगेतून शाळेच्या पोरांचं असतं तसं पांढरं खोडरबर काढलं आणि टेबलावर ठेवलं. रॅमचे दात रबरानंच साफ करतात, मी बघितलेलं आहे. त्यांनी ते मला हातात दिलं नाही. ठेवलं आणि चपला घालून गॅलरीत गेले, पावसात, पाठ करून उभे राहिले.

मुलगी म्हणाली, आई, मी करते. मी नको म्हटलं. गेल्या वर्षी तिनं बटण दाबलं होतं, ते मी अजून विसरले नव्हते. चुलत सासूला मी सांगितलं होतं की हे पुसायचा अधिकार कुणाला नाही. तो अधिकार माझा होता म्हणूनच तर मी भांडले होते. पट्टी डाव्या हातात धरली आणि एका दातापासून सुरुवात केली. पहिल्यांदा कुंकू नुसतं पसरलं. मग जोर लावला. रेघा गेल्या, व्रणाची तिरकी फट गेली, मग अंगठाच गेला आणि खाली स्वच्छ सोनेरी दात उरले. मला रडू आवरेना. जे मी आख्ख्या पेठेला करू दिलं नव्हतं, ते मी माझ्या हातानं करत होते, आणि नीट, कोपरे न सोडता करत होते, कारण नीट नाही केलं तर तो पुन्हा अडकला असता.

रबराचा लाल चुरा मी कागदावर गोळा केला आणि तुळशीच्या कुंडीत टाकला. पूजेचं काही कचऱ्यात टाकत नाहीत. बोटाला लागलेलं कुंकू मात्र धुतलं नाही. आरशासमोर जाऊन तेवढं कपाळावरच्या कुंकवात मिसळलं.

पट्टी बसवली, झाकण लावलं. भाऊजी आत आले, त्यांनी कोरडा चहा मागितला, म्हणजे बिस्किटाशिवाय, आणि तो न पिताच गेले. मी वर्षश्राद्धाच्या फलकाची फाईल उघडली. तोच फोटो, घामाचे केस, बारीक डोळे. खाली 'प्रथम पुण्यस्मरण' असं टाईप केलं आणि हात मागं घेतला. बाहेर पाऊस कोसळत होता, भिंती ओल्या होत्या, अडकायला ह्यापेक्षा चांगला दिवस नव्हता. मी खुर्चीत बसून राहिले. कोपऱ्यातलं घड्याळ पुढं सरकत होतं. बाण हलवला की हलत होता, त्यांच्या खांद्यावरून, हनुवटीवरून, कुठंही. मी त्यांना म्हटलं, आज काही म्हणायचं नाही का? मुलीनं स्वयंपाकघरातून ऐकलं असणार, पण ती आली नाही.

दिवेलागण झाली. फाईल छापखान्यात पाठवायची होती. मी बंद करायला गेले तर कॉम्प्युटरनं विचारलं, बदल जतन करायचे का. मी हो म्हटलं आणि बटण दाबलं. ते गेले. ह्या वेळी कुणीच अडवलं नाही.